घर विकताना कॉम्प्युटरचं काय करायचं?





आम्ही २०२५ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतलं आमचं चौतीस वर्षांचं घर विकलं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ज्या बेसमेंटमध्ये १९९३ साली आपला हा मराठी वर्ग अकरा मुलांवर सुरू झाला, तेच घर. तेव्हापासून वर्गात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "घर विकायला काय काय करावं लागतं हो?" संपादकांनी तर सरळ सांगितलं, लिहूनच द्या. म्हणून हा लेखनप्रपंच. घर विकण्याची माहिती तुम्हांला एजंट देईलच. पण घरातल्या यंत्रांचं काय करायचं ते कोणी सांगत नाही, आणि आमचा अर्धा जीव त्यातच अडकला होता.

आधी घराचं थोडक्यात सांगते. आमचं घर १९६२ सालचं. अमेरिकेत १९७८ पूर्वी बांधलेलं घर विकताना रंगात शिसं असल्याची माहिती असेल तर ती खरेदीदाराला लेखी द्यावी लागते आणि सोबत एक माहितीपुस्तिकाही. न्यू जर्सीत करारावर सह्या झाल्या की दोन्हीकडच्या वकिलांना तो तपासायला कामाचे तीन दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत कोणीही मागे फिरू शकतो, तेव्हा पहिल्याच दिवशी पेढे वाटू नयेत. स्मोक डिटेक्टर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि स्वयंपाकघराजवळचं आग विझवायचं नळकांडं यांची तपासणी होऊन दाखला लागतो. खरेदीदाराने आणलेला माणूस अंगणात यंत्र फिरवून जुनी तेलाची टाकी पुरलेली नाही ना, ते बघून गेला. नव्हती. देव पावला.

एजंटबाई मोठ्या हुशार. पहिल्याच भेटीत त्यांनी नाक थोडं वर करून सांगितलं की घर बघायला लोक येतील त्या दोन आठवड्यांत फोडणी नको. देवघर कपाटात हलवा, भिंतीवरचे फोटो काढा, घर कोणाचंच वाटता कामा नये. मी म्हटलं, बाई, चौतीस वर्षं लागली हो आमचं वाटायला. पण त्यांचं बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. पंधरा दिवस आम्ही दहीभात आणि सॅलडवर काढले.

मग त्यांनी फोटो काढले. रिकाम्या बेसमेंटच्या फोटोत कॉम्प्युटरने करड्या रंगाचा सोफा, दिवा आणि कुंडीतलं झाड बसवून दिलं. इतकं खरं दिसत होतं की आमची नात सोफा शोधायला खाली गेली! असे फोटो वापरायचे असतील तर ते कॉम्प्युटरने सजवलेले आहेत असं खाली स्पष्ट लिहायला सांगा. आलेला माणूस फसवल्यासारखा रिकाम्या खोलीकडे बघत राहिला तर तो विकत काय घेणार?

किमतीचंही तसंच. इंटरनेटवर घराचा पत्ता घातला की कॉम्प्युटर किंमत सांगतो. आमच्या ह्यांना रोज सकाळी चहाबरोबर तो आकडा बघायची सवयच लागली. आकडा वाढला की दुसरा चहा. पालकहो, त्या आकड्यावर फार विसंबू नका. झिलो ही कंपनी २००६ पासून असे अंदाज देते. २०१८ मध्ये तिने स्वतःच घरं विकत घेऊन पुन्हा विकायचा धंदा सुरू केला, आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या काही महिन्यांतल्या किमतींचा अंदाज पुरेसा बरोबर बांधता येत नाही, हे तिनेच कारण दिलं. त्याआधीच्या तिमाहीत घरांच्या साठ्यावर ३० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बुडीत धरावी लागली. आमचं छप्पर आम्ही चार वर्षांपूर्वी बदललं होतं, ते त्या आकड्याला काय माहीत? आजूबाजूची कोणती घरं किती आत विकली गेली ते एजंटबाईंनी कागदावर मांडून दाखवलं, ते जास्त उपयोगी पडलं.

आता यंत्रांकडे वळते. दाराची कॅमेऱ्याची घंटा, गराजचं दार उघडणारं फोनवरचं अ‍ॅप, थर्मोस्टॅट, वाय-फायचा डबा, ही सगळी यंत्रं घराबरोबर नव्या माणसांना जाणार. पण ती ओळखतात तुम्हांला. खातं काढून टाकलं नाही तर नव्या मालकांच्या दाराशी कोण आलं ते तुम्हांला तुमच्या फोनवर दिसत राहील, आणि ते काही बरं नव्हे. प्रत्येक यंत्रातून आधी आपलं खातं काढायचं आणि मग ते कारखान्यातून आलं होतं तसं कोरं करायचं. फोन आणि टॅबलेटचाही हाच क्रम. उलट केलं तर पुढच्या माणसाला यंत्र चालू होताना तुमचा पासवर्ड मागतं. घर बघायला लोक येत होते तेव्हा आमच्या धाकटीने घंटेचा आवाज टिपणारा भागच बंद करून टाकला. न्यू जर्सीत बोलणं ध्वनिमुद्रित करायला बोलणाऱ्यांपैकी निदान एकाची तरी संमती लागते, आणि आपण तर तिथे नसतोच. शिवाय लोक आपल्या पडद्यांबद्दल काय बोलतात ते न ऐकलेलंच बरं.

पैशांबद्दल आमच्या वकिलांनी एक गोष्ट तीनदा बजावली. घराचे पैसे बँकेतून पाठवायच्या वेळी "खातेक्रमांक बदलला आहे" अशी ई-मेल आली तर ती खोटी समजा. लुच्चे लोक आधीची पत्रं वाचून अगदी वकिलाच्या भाषेत लिहितात. आता तर त्यांच्या हाताशी शुद्ध इंग्रजी लिहून देणारे प्रोग्रॅम आहेत, त्यामुळे चुकीच्या स्पेलिंगवरून चोर ओळखायचे दिवस गेले. अशा वेळी फोन करायचा, आणि तोसुद्धा ई-मेलमधल्या नंबरवर नाही, पहिल्या भेटीत कागदावर मिळालेल्या नंबरवर.

हे सगळं पार पडलं आणि राहिला बेसमेंटचा कोपरा. तिथे होता आमचा १९९५ सालचा कॉम्प्युटर.

मुलांनो, तुम्ही तो पाहिला असता तर हसला असता. पुढून छोटा दिसणारा पण मागे हातभर पोट असलेला मॉनिटर, ७५ मेगाहर्ट्झचा पेंटियम, ८ मेगाबाइट मेमरी आणि ५४० मेगाबाइटची हार्ड डिस्क. तुमच्या आईच्या फोनमध्ये १२८ गिगाबाइट जागा असेल तर ती त्याच्या दोनशे तीसपटींहून जास्त आहे. त्या पेंटियमच्या चिपवर ३२-३३ लाख ट्रान्झिस्टर होते. २०२३ साली एका फोनसाठी निघालेल्या अ‍ॅपलच्या ए-१७ प्रो चिपवर १,९०० कोटी आहेत. म्हणजे पाच-सहा हजार पट. गॉर्डन मूर या गृहस्थांनी १९६५ साली एका लेखात लिहिलं होतं की चिपवरच्या भागांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्यांनी ते दर दोन वर्षांवर आणलं. आमच्या घरात त्या काळात पाच कॉम्प्युटर आले नि गेले, पण पुढच्या दाराचं कुलूप तेच राहिलं. किल्लीही तीच.

ह्या कॉम्प्युटरवर आपल्या वर्गाचं हे पत्रक टाइप होत असे. त्याआधी ते हाताने लिहून फोटोकॉपी काढायचो. आणि ह्याच कॉम्प्युटरवर १९९६-९७ च्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई इथे सहा महिने राहायला आल्या असताना त्यांच्या पाककृती उतरवल्या होत्या. त्या सांगायच्या आणि हे टाइप करायचे. बाहेर बर्फ, जायला कुठे नाही, दुपारभर हाच उद्योग. सासूबाई २००४ साली गेल्या. त्या पाककृतींचा कागद आमच्याकडे नव्हता. प्रिंटरची शाई महाग म्हणून "नंतर छापू" असं ठरलं होतं. होत्या त्या चौदा फ्लॉपी आणि तो डबा.

एजंटबाई म्हणाल्या, रीसायकलला देऊन टाका. न्यू जर्सीत २०११ पासून कॉम्प्युटर आणि मॉनिटर कचऱ्यात टाकायला बंदी आहे, त्यामुळे तो रीसायकललाच द्यावा लागतो, हे खरं. पण आमच्या ह्यांनी हट्टाने सांगितलं की आतलं बाहेर काढल्याशिवाय डबा हलणार नाही.

धाकटीने यूएसबीला लावायचा फ्लॉपीचा ड्राइव्ह मागवला. चौदांपैकी नऊ फ्लॉपी वाचता आल्या. त्यांतल्या एकीवर पाककृतींची फाइल सापडली. आम्हां सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी! नव्या वर्डने इतकी जुनी फाइल उघडायला नकार दिला. लिबरऑफिस नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, त्याने उघडली. आणि पडद्यावर काय? इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे, टिंबं, सगळी खिचडी. मराठी एक अक्षर नाही.

हे का होतं ते मोठ्या मुलांसाठी सांगते, कारण ते मला स्वतःला कळायला साठी उलटावी लागली. १९९५ च्या सुमाराला बाजारात मिळणारे बरेचसे मराठी फॉन्ट म्हणजे सोंग असे. कॉम्प्युटरच्या पोटात साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, फक्त पडद्यावर दाखवताना त्याच्या तोंडावर मराठी मुखवटा चढवायचा. मुखवटा काढला की आत इंग्रजी. शिवाय कोणत्या अक्षरावर कोणता मुखवटा, ते प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापलं ठरवलेलं. म्हणून फॉन्ट हरवला की मजकूर हरवला. युनिकोड ही सगळ्या जगासाठी केलेली पद्धत १९९१ मध्ये आली, आणि तिच्यात पहिल्यापासून देवनागरी आहे. तिच्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. क म्हणजे २३२५, ख म्हणजे २३२६, मग फॉन्ट कोणताही असो. पण विंडोजमध्ये देवनागरीची ती सोय आली विंडोज २००० बरोबर. आमची फाइल त्याच्या आधीची, सोंगाच्या काळातली.

तो फॉन्ट जुन्या डब्याच्या हार्ड डिस्कवर असणार असं ह्यांनी सांगितलं. पण ती डिस्क आजच्या कॉम्प्युटरला जोडायची वेगळी केबल लागते, ती यायला तीन दिवस होते. धाकटीला दम कुठला! तिने ती सगळी खिचडी हल्लीच्या त्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमला दिली आणि विचारलं, हे मराठी आहे, वाचून दे. अर्ध्या मिनिटात त्याने मेतकुटाची पाककृती लिहून दिली. काय सुरेख मराठी! हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू, धने, जिरे, सगळं ओळीत. शेवटी "आजीच्या प्रेमाची चव" असंही काहीतरी. धाकटी हरखली, त्याच संध्याकाळी (फोडणीची बंदी संपली होती) तिने डाळी भाजल्या, दळल्या. मऊ भातावर तूप आणि मेतकूट घालून आम्हांला वाढलं.

पहिल्या घासाला हे म्हणाले, "हे आईचं नाही." कडूजहर होतं. त्यात पाव वाटी मेथ्या होत्या.

तीन दिवसांनी केबल आली. डिस्क कुरकुरली पण फिरली. फॉन्ट मिळाला, तो नव्या कॉम्प्युटरवर घातला आणि ती सगळी खिचडी एका क्षणात मराठी झाली. मेथ्या एक चमचा. आणि त्याच्याखाली सासूबाई जशा बोलल्या तसं ह्यांनी जसंच्या तसं टाइप केलेलं, कारण आईला थांबवायची हिंमत नव्हती: "मेथ्या एक चमचा, सपाट, शीग नको. थांब रे, दूध उतू चाललंय. हां, काय म्हणत होते? प्रत्येक डाळ वेगळी भाजायची, एकदम टाकायची नाहीत, तुझी आत्या टाकते एकदम." पुढच्या पानावर, लाडवांच्या मध्येच, "ती धाकटी का रडतेय, बघ आधी." धाकटी तेव्हा पाच वर्षांची होती. ती ते वाक्य किती वेळ बघत बसली होती ते मी सांगत नाही.

त्या प्रोग्रॅमने यातलं एकही वाक्य दिलं नव्हतं. त्याला वाचताच आलं नव्हतं, मग त्याने जगात मेतकूट साधारण कसं करतात ते सांगितलं, आणि तेही चुकीचं. नाही जमलं असं मात्र म्हणाला नाही. मला त्या प्रोग्रॅमबद्दल राग नाही. घराच्या कराच्या कागदांतली इंग्रजी कलमं त्याच्याकडून समजावून घेऊन मग अकाउंटंटकडून खात्री करताना त्याने मला फार मदत केली. पुढच्या पाच वर्षांत तो कदाचित असली खिचडीही वाचू लागेल. पण समोर मूळ मजकूर नसेल तर त्याचं बरोबर की चूक हे ओळखणार कोण? आमच्याकडे ओळखलं ते साठ वर्षं ते मेतकूट खाल्लेल्या जिभेने. ती जीभ नातीकडे नाही.

मग फाइल युनिकोडमध्ये आणायचं काम. त्यासाठी अक्षरं बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, पण डोळे झाकून त्यांचंही ऐकू नका. जुन्या फॉन्टमध्ये टाइपरायटरसारखी ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर साठवलेलं असतं. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर. त्यामुळे "मिरची"ची वेलांटी म सोडून भलतीकडेच उभी राहते. रफाराचं उलट. तो जुन्या फॉन्टमध्ये सगळ्यांत शेवटी टाइप व्हायचा, म्हणून "अर्धी वाटी"ची झाली "अधीर् वाटी". आमची नात आपल्याच वर्गात दुसऱ्या गटात आहे. तिने अधीर म्हणजे काय ते विचारलं, मी सांगितलं, आणि तेव्हापासून घरात अर्ध्या वाटीला अधीर वाटीच म्हणतात. एका पडद्यावर जुन्या फॉन्टमधली फाइल, दुसऱ्यावर नवी, नात मोठ्याने वाचणार आणि मी दुरुस्त करणार, असे आम्ही सहा रविवार बसलो. नातीचं जोडाक्षरांचं वाचन ह्यात जितकं सुधारलं तितकं पुस्तकाने सुधारलं नसतं. पणजीची भाषा तिला भारी आवडली. "शीग नको" हे ती आता आइस्क्रीम वाढतानाही म्हणते.

डबा द्यायच्या आधी हार्ड डिस्क काढून ठेवली. फाइल नुसती डिलीट केली तर ती जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी, तसं फक्त तिचं नाव जातं आणि पानं तिथेच राहतात. जुन्या फिरणाऱ्या डिस्कवर सगळीकडे दुसरं काहीतरी लिहून मग ती द्यावी. नव्या प्रकारच्या डिस्कवर हा उपाय भरवशाचा नाही, तिथे सगळं कूटबद्ध करून मग यंत्र कोरं करायचं. विंडोज १० च्या साध्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांच्या घरचे कॉम्प्युटर असेच बेसमेंटमध्ये जातील, किंवा एव्हाना गेले असतील. द्यायच्या आधी त्यात मराठीत काय लिहिलंय ते उघडून बघा, आणि उघडत नसेल तर फॉन्टचा फोल्डरसुद्धा उतरवून घ्या. फाइल आहे आणि फॉन्ट नाही, असं नको.

आता नव्या, लहान घरी आलो आहोत. देवघर पुन्हा बाहेर आलं, फोडण्या सुरू झाल्या. जुन्या डिस्कवर आपल्या पत्रकाचे १९९५ ते १९९८ चे सात अंक मिळाले, तेही युनिकोडमध्ये आणायचं चाललं आहे. बाकीचे अंक न वाचता आलेल्या पाच फ्लॉपींवर असावेत. त्या काळातल्या पालकांपैकी कोणाकडे अंकाची फोटोकॉपी किंवा फ्लॉपी असेल तर रविवारी वर्ग सुटल्यावर मला द्यावी, परत मिळेल. केबल आणि ड्राइव्ह दोन्ही माझ्याकडे आहेत, कोणाला हवे असतील तर घेऊन जा. मेतकुटाची खरी कृती पुढच्या अंकात देईन. तोवर ध्यानात ठेवा, मेथ्या एक चमचा, सपाट.